हायब्रीड गांजाची डबी कशी वाचायची: एका बियाणेवाल्याची वाट

आमच्याकडं 'हायब्रीड' हा शब्द जोंधळ्याच्या मागून आला. १९६४ साली सीएसएच-१ ही देशातली पहिली संकरित ज्वारी निघाली आणि हळूहळू ती आमच्या रानांपर्यंत पोचली. पोती भरली, पण भाकरीला शाळूची चव काही आली नाही. तेव्हापासून दिसायला थोराड आणि आत दम नसलेलं जे काही असेल ते 'हायब्रीड' झालं. चार पायऱ्या चढून धापा टाकणाऱ्या नातवाला म्हातारी अजून तेच म्हणते.

मी संकेश्वरात बी-बियाणं आणि खतं विकतो. दोन वर्षांपूर्वी पुतण्याकडं कॅनडाला गेलो होतो. त्याच्यासोबत राहणाऱ्या पोराची एक पांढरी डबी स्वयंपाकघरातल्या टेबलावर होती. आत वाळलेली हिरवी बोंडं, बाहेर पिवळ्या चौकटीतला इशारा आणि ठळक अक्षरात 'हायब्रीड'. पुतण्या हसला. "काका, हा तर तुमचाच धंदा की ओ. वाचून सांगा बघू काय माल आहे." तीस वर्षं बियाण्यांच्या पाकिटांवरचं बारीक छापील वाचतोय, पण ही डबी काही मला वाचता आली नाही. मग हळूहळू शिकलो. पोरगं परदेशी गेलंय आणि तिथं हे उघड विकतात हे ऐकून ज्यांची झोप उडाली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. स्वतः तिथं निघालेल्या पोरांनाही उपयोग होईल.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, पुढं तपशिलात येईनच. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून सज्ञान माणसाला गांजा विकत घेता येतो. आपल्याकडं तो १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली गुन्हा आहे. खालचं सगळं वाचन जिथं डबीवर छापील लेबल असतं तिथल्यापुरतं. इथं कागदाच्या पुडीत जे मिळतं त्याला यातलं काहीच लागू पडत नाही.

आधी 'हायब्रीड' या शब्दाची किंमत करा

माझ्या दुकानात हायब्रीड म्हणजे एफ-१. दोन शुद्ध वाणांचा ठरवून केलेला संकर, सगळी रोपं एका उंचीची, एकाच वेळी फुलणारी. त्याचंच बी धरून पुढच्या वर्षी पेरलं तर रान फुटून जातं, एक झाड कमरेला तर एक डोक्यावर. हा शब्द काहीतरी नेमकं सांगतो.

गांजाच्या डबीवरचा 'हायब्रीड' तितकं नेमकं काहीच सांगत नाही. त्यामागची गोष्ट अशी. १७५३ साली लिनियसनं या झाडाला कॅनाबिस सॅटिव्हा हे नाव दिलं. १७८५ साली लामार्कनं भारतातून गेलेल्या नमुन्यांवरून कॅनाबिस इंडिका ही वेगळी जात सांगितली, म्हणजे त्या नावात आपला देशच बसलाय. पुढं बाजारानं आपली वाटणी केली: इंडिका म्हणजे अंग सैल पडून झोप आणणारी, सॅटिव्हा म्हणजे तरतरी देणारी, आणि हायब्रीड म्हणजे दोन्हींच्या मधली. ऐकायला सोपं आहे, म्हणूनच टिकलं. पण गेली पन्नास वर्षं पैदासकारांनी सगळं सगळ्याशी इतकं मिसळलंय की दुकानातलं जवळजवळ प्रत्येक झाड संकरितच आहे. १९७० च्या दशकातल्या 'स्कंक नंबर वन' या वाणात अफगाणिस्तान, मेक्सिको आणि कोलंबिया अशा तीन ठिकाणचं रक्त. नव्वदीत नेदरलँड्समध्ये गाजलेल्या 'व्हाइट विडो'त ब्राझीलच्या जोडीला दक्षिण भारतातलं झाड होतं, असं सांगतात. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे ९० हजार नमुन्यांच्या रासायनिक तपासण्या एकत्र करून पाहिल्या, तर इंडिका, सॅटिव्हा, हायब्रीड ही लेबलं आणि आतली रसायनं यांचा मेळ काही बसला नाही.

वाणाच्या नावाचंही तसंच. ही झाडं बहुधा बियांपासून करत नाहीत, आईझाडाची फांदी तोडून लावतात. त्यामुळं एका उत्पादकाकडं वाण सारखा राहतो. पण त्याच नावाची दुसऱ्या उत्पादकाची डबी वेगळी निघू शकते. बाजारात हापूस म्हणून काय काय खपवतात ते आपल्याला माहीत आहेच. तेव्हा 'हायब्रीड' वाचा आणि पुढच्या ओळीवर जा.

मग आकडे बघा, आणि दोन आकड्यांतला बरोबर निवडा

मिरचीचं उदाहरण दिल्याशिवाय मला हे सांगता यायचं नाही. ब्याडगी आणि संकेश्वरी शेजारी ठेवा. ब्याडगी रंगाला भारी, तिखटाला सौम्य. आमची संकेश्वरी जाळ. आणि वास हा तिसराच हिशेब. रंग बघून तिखट ठरवणारा पाहुणा पहिल्या घासालाच पाणी मागतो. गांजाचेही असेच तीन वेगळे हिशेब आहेत: जोर, चव आणि परिणाम. लोक तिघांची खिचडी करतात.

जोर ठरतो मुख्यतः टीएचसी या रसायनावर. मशूलम आणि गाओनी या इस्रायली शास्त्रज्ञांनी ते १९६४ साली शुद्ध रूपात वेगळं केलं. इकडं हायब्रीड जोंधळा आला त्याच वर्षी. झाडातलं दुसरं रसायन सीबीडी. त्यानं नशा चढत नाही.

काही लेबलांवर टीएचसी दोनदा लिहिलेलं असतं आणि नवखा माणूस इथंच फसतो. समजा 'टीएचसी ८ मिलिग्रॅम प्रति ग्रॅम' आणि खाली 'एकूण टीएचसी २१० मिलिग्रॅम प्रति ग्रॅम' असं आहे. पहिला आकडा वाचून वाटतं, काय किरकोळ माल आहे. पण ओल्या-वाळल्या फुलात टीएचसी बहुतेक आम्लाच्या रूपात असतं, त्याला टीएचसीए म्हणतात, आणि त्या रूपात ते नशा आणत नाही. जाळ लागला की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि खरं टीएचसी तयार होतं. वायू निघून गेला म्हणजे वजन घटणारच, वाळवणातल्या मिरचीसारखं. म्हणून प्रयोगशाळा टीएचसीएच्या आकड्याला ०.८७७ नं गुणून त्यात आधीचं टीएचसी मिळवतात. तो झाला 'एकूण' आकडा. ओढणाऱ्यासाठी खरा तोच.

२१० मिलिग्रॅम प्रति ग्रॅम म्हणजे २१ टक्के. हा जोराचा माल आहे. अमेरिकेत जप्त केलेल्या मालात १९९५ च्या सुमाराला सरासरी ४ टक्के टीएचसी असायचं, २०२१ पर्यंत ते १५ टक्क्यांच्या आसपास गेलं. "आम्ही पण कॉलेजात ओढलाय, काही होत नाही" म्हणणाऱ्या साठीतल्या मित्रांनी हे दोन आकडे जरूर शेजारी ठेवून बघावेत. आता गांजा भरून वळलेली ०.३ ग्रॅमची एक कांडी धरा. २१ टक्क्यांनी त्यात ६३ मिलिग्रॅम टीएचसी. बरंचसं जळून आणि धुरात उडून जातं, तरी उरतं ते पहिल्यांदा ओढणाऱ्याला भारी पडायला पुरेसं आहे. कॅनडाच्या आरोग्य खात्याचा नवख्यांना सल्ला असा की १० टक्के किंवा त्याहून कमी टीएचसीचा माल, एक-दोन झुरके, आणि मग थांबून बघायचं. खाण्याच्या पदार्थात २.५ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी. तिथं खाण्याच्या एका पाकिटात १० मिलिग्रॅमच्या वर टीएचसी घालायलाच बंदी आहे.

आणखी एक, धंदेवाला म्हणून सांगतो. जिथं जास्त आकड्याला जास्त भाव, तिथं आकडा फुगतोच. अमेरिकेत डब्या विकत घेऊन पुन्हा तपासल्या तेव्हा लेबलपेक्षा कमी टीएचसी निघाल्याची उदाहरणं आहेत. उगवणक्षमता ९० टक्के छापलेलं पाकीट आणि रानातली उगवण, यातलं अंतर आमच्या गिऱ्हाईकांना शिकवावं लागत नाही.

वास घ्या, पण वासावर जाऊ नका

मला सगळ्यात आवडलेला भाग हा. डबीवर चवीची लांबलचक वर्णनं असतात: लिंबू, मिरी, पाइन, माती, डिझेल. मला वाटलं हे अत्तरवाल्यांचं बोलणं. पण त्यामागं टर्पीन नावाची सुगंधी तेलं आहेत आणि त्यातली बरीच आपल्या मसाल्याच्या डब्यात बसलेली आहेत.

मिरी आणि लवंगेतलं कॅरिओफिलीन. संत्र्या-मोसंबीच्या सालीतलं लिमोनीन. साल दिव्याजवळ पिळली की जे भुर्रकन पेटतं तेच. आंब्यातलं मायर्सीन, त्याचा वास थोडा ओलसर, मातकट. धण्यातलं लिनॅलूल, लॅव्हेंडरमध्येही तेच. टर्पेंटाइनच्या वासातलं पायनीन. हे ओळखायला परदेशी जायला नको. सकाळी काकू मसाला भाजायला बसली की कढईजवळ उभं राहा आणि एकेक जिन्नस वेगळा हुंगून बघा. मी तसं केलं आणि "स्वयंपाकघरात लुडबुड नको" हेही ऐकून घेतलं.

त्या 'डिझेल' किंवा कुबट वासाचं कारण मात्र टर्पीन नाही. ती गंधकाची संयुगं, लसणाच्या वासाच्या घराण्यातली. हे २०२१ साली उलगडलं. ती फार थोडी असतात, पण नाकाला थोडीच पुरतात.

आता दुकानदार सांगेल की लिमोनीनवाला वाण मन प्रसन्न करतो आणि मायर्सीनवाला झोपवतो. इथं जरा हात आखडता घ्या. टीएचसीच्या जोडीला बाकीची रसायनं मिळून परिणाम बदलतात, ही कल्पना १९९८ पासून चर्चेत आहे, पण माणसांवरचे पुरावे तोकडे आहेत. २०२४ मध्ये वीस जणांवरच्या एका छोट्या प्रयोगात लिमोनीन मिसळल्यावर टीएचसीनं येणारी धास्ती कमी झालेली दिसली. पण वीस माणसं म्हणजे आमच्या गल्लीतला एक गणपतीचा कट्टा. त्यावरून वाणाला गुण चिकटवणं म्हणजे एका रानातलं पीक बघून अख्ख्या तालुक्याला खताची शिफारस करणं. टर्पीनची यादी चव कळण्यासाठी वाचा. जुना, कोरडा पडलेला माल ओळखायलाही ती कामाची आहे, कारण ही तेलं उडतात आणि वास मेला की मालही शिळा असतो.

परिणाम डबीत नसतो

डबीवर 'रिलॅक्स', 'हॅपी' असलं काही लिहिलेलं दिसलं तर ते जाहिरात म्हणून सोडून द्या. परिणाम ठरतो किती घेतलं, कसं घेतलं आणि कुणी घेतलं यावर.

आपल्या मेंदूत सीबी-१ नावाची ग्राहकं असतात, म्हणजे कुलपं म्हणा. टीएचसी ही त्यात बसणारी बाहेरची किल्ली. शरीराची स्वतःचीही किल्ली आहे. ती १९९२ साली सापडली आणि तिचं नाव ठेवलं आनंदमाइड, थेट आपल्या 'आनंद' शब्दावरून. ही कुलपं आठवणीच्या, तोलाच्या, भुकेच्या जागी दाट असतात. म्हणून वेळ लांबल्यासारखा वाटतो, आत्ता काय बोलत होतो ते विसरतं, भूक उसळते, चालताना तोल जातो. डोळे लाल, तोंड कोरडं, छाती धडधड. कुणाला हसू येतं, तर कुणाला घाम फुटून वाटतं आता मी मरतो. एकाच कांडीनं दोघांना दोन गोष्टी होतात.

ओढलं तर काही मिनिटांत चढतं आणि साधारण दोन ते चार तास राहतं. खाल्लं तर हिशेबच बदलतो, आणि नवख्यांचे बहुतेक गोंधळ इथंच होतात. पोटातून यकृतात गेलेल्या टीएचसीचं दुसऱ्या, आणखी जोरकस रसायनात रूपांतर होतं. चढायला अर्धा तास ते दोन तास लागतात, कळस चार तासांपर्यंत, आणि अंमल बारा तास टिकू शकतो. माणूस एक गोळी खातो, तासभर वाट बघतो, "काही होईना" म्हणून दुसरी खातो. मग दोन्ही एकदम येतात. महाशिवरात्रीच्या थंडाईचा दुसरा पेला घेऊन रात्रभर छताकडं बघत पडलेला एक तरी पाहुणा प्रत्येक घराण्यात असतोच, कारण हेच.

काहींनी लांबच राहायचं. घरात कुणाला भ्रम, संशय, स्किझोफ्रेनिया असेल तर. हृदयाचा त्रास असेल तर. गरोदर बाई. पंचविशीच्या आतली पोरं, कारण मेंदू तोवर घडत असतो. रक्त पातळ करणारी वॉरफरिन किंवा फिटची औषधं चालू असतील तर सीबीडीचं 'निरुपद्रवी' तेलसुद्धा डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. त्या औषधांचं रक्तातलं प्रमाण बदलतं. घेऊन गाडी चालवणं तर कुठंच नाही. आणि रोज घेणाऱ्याला दर महिन्या-दोन महिन्यांनी उलट्यांचे झटके यायला लागले, गरम पाण्याखाली उभं राहिल्यावरच बरं वाटायला लागलं, तर ते पित्त नव्हे. गांजानंच होणारा तो एक ओळखीचा आजार आहे. डॉक्टरला खरं सांगा, नाहीतर एंडोस्कोपीवर पैसे जातील. सवय लागत नाही हाही गैरसमज. वापरणाऱ्यांत साधारण दहातल्या एकाला लागते, पौगंडात सुरू केलेल्यांत सहातल्या एकाला.

आता आपल्या बाजूची गोष्ट

आमचा भाग कर्नाटक-महाराष्ट्र सीमेचा. कोगनोळीचा नाका ओलांडला की दारूचा भाव बदलतो, चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलं की आणखी बदलतो. त्यामुळं पोरांच्या डोक्यात बसलंय की गोव्यात 'हे' चालतं. चालत नाही. अमली पदार्थाचा कायदा केंद्राचा आहे, नाका ओलांडल्यानं त्यात काडीचा फरक पडत नाही.

कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. त्यांच्याशिवायची नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. भांगेचा सगळा वाद तिथून निघतो आणि तिचे नियम राज्याराज्याचे वेगळे. गांजा १ किलोपर्यंत असेल तर एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २० किलोच्या पुढं दहा ते वीस वर्षं आणि एक ते दोन लाख दंड. मधल्या वजनाला दहा वर्षांपर्यंत. नुसतं ओढलं तरी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि कायदा जोर बघत नाही, वजन बघतो. बँकॉकहून येणारा 'हायड्रो गांजा' विमानतळांवर पकडल्याच्या बातम्या येतात. तो मातीऐवजी पाण्यात खतं सोडून बंद खोलीत वाढवलेला माल. कायद्याच्या पुस्तकात त्याचं वेगळं पान नाही, गांजा तो गांजा.

माझ्या दुकानात वर्षातून एखादा तरी विचारतोच, "अण्णा, उसाच्या आत चार झाडं लावली तर कुणाला दिसणाराय?" लागवडीला दहा वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे, आणि ऊस तोडायला टोळी येणारच आहे. दुसरा एक विचारतो, ताग पेरला तर पोलीस धरतील का, कारण कुठंतरी त्यानं तागाला 'सनहेंप' म्हटलेलं वाचलेलं असतं. बिनधास्त पेरा, ते हिरवळीचं खत आहे, नात्याचं काही नाही. अंबाडीचीही तीच गत. पानं इतकी सारखी दिसतात की शास्त्रज्ञांनी तिच्या नावातच 'कॅनाबिनस' घातलं. भाजी करून खा.

पुडीतल्या मालाबद्दल एवढंच. त्यावर टक्के नाहीत, बुरशीची तपासणी नाही, फवारणी कोणती झाली ते माहीत नाही. शेवटच्या फवारणीनंतर किती दिवसांनी तोड करायची हे टोमॅटोसाठीसुद्धा पाळायला लोक कुरकुरतात. चोरून पिकवलेल्या झाडासाठी कोण पाळणार? त्या पुडीचा वाणही विकणारा सांगेल तोच. 'हायब्रीड आहे, बंगळूरचा माल' म्हटलं की दुप्पट भाव, एवढाच त्या शब्दाचा इथला अर्थ.

घरातलं पोरगं अडकलंय असं वाटत असेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, आणि मनाच्या त्रासासाठी टेली-मानस १४४१६. आपल्याला जवळचं मोठं सरकारी ठिकाण म्हणजे धारवाडची मानसिक आरोग्य संस्था, बेळगावहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. कायद्यातच, कलम ६४-अ मध्ये, स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यातून सूट मिळण्याची सोय आहे. हे पोराला आणि बापाला दोघांनाही माहीत असावं.

दिवाळीला घरी येणाऱ्यांसाठी

पुतण्याचा गेल्या वर्षी ऑक्टोबरात फोन आला, "काका, काय आणू?" मेपल सिरप आण म्हटलं, आणि मग सामान कसं भरायचं ते सांगितलं. कॅनडातून गांजा बाहेर नेणं हा तिथलाच गुन्हा, आणि इथं आणणं हा इथला दुसरा. गोळ्या, चॉकलेट, वाफेच्या पेनातलं तेल, सगळं त्यातच आलं. 'तिकडं पावती घेऊन घेतलंय' याला विमानतळावर काही किंमत नाही. दुसऱ्यानं दिलेला खाऊचा डबा स्वतः उघडून बघितल्याशिवाय घ्यायचा नाही. निघण्याआधी आठवडे-आठवडे बंद ठेवायचं, कारण लघवीच्या तपासणीत अंश बरेच दिवस दिसतात, आणि रोजच्या वापरणाऱ्यात तर कित्येक आठवडे. बॅग सोबत्याकडून उसनी घेतली असेल तर आतले सगळे कप्पे झटकायचे. आणि हिवाळ्यातल्या जॅकेटचे खिसे उलटे करून, शिवणीतला चुरासुद्धा ब्रशनं काढायचा.